लाफिंग गॅसमुळे पाय सुन्न पडले तर: पूर्व लंडनच्या एका एनएचएस (सरकारी) हॉस्पिटलमधल्या न्यूरो डे-केअरचा रिव्ह्यू (५ पैकी ४ स्टार)

घाईत वाचणाऱ्यांसाठी महत्त्वाचं आधीच लिहिते. तुमच्या घरातल्या किंवा रूमवरच्या कोणाला फुग्यातून लाफिंग गॅस (नायट्रस ऑक्साइड) ओढायची सवय असेल आणि आता त्याच्या पायाला मुंग्या येतायत, तोल जातोय, जिना उतरताना कठडा धरावा लागतोय, तर व्हिटॅमिन बी-१२ चा रिपोर्ट नॉर्मल आलाय म्हणून घरी बसू नका. त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा आणि गॅस घेतो हे स्पष्ट तोंडाने सांगा. या एका वाक्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं, आणि मी ज्या सेवेला चार स्टार देतेय ते पण मुख्यतः याच कारणासाठी देतेय की तिथल्या माणसांनी हे वाक्य आमच्याकडून न रागावता काढून घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता इंजेक्शन सुरू केलं.

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. माझा भाचा तिथे अजून जातोय, आपली मराठी मंडळी या भागात बरीच आहेत आणि कोण कुठे जातं हे कळायला वेळ लागत नाही, त्याचं शिक्षण चालू आहे, त्याला पुढे नोकरी शोधायचीय. पण खाली जे लिहितेय ते जवळपास कुठल्याही न्यूरॉलॉजी विभाग असलेल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये मागता येतं, म्हणून नावाशिवायही उपयोग होईल असं वाटतं.

आता काय झालं ते. भाचा सातारा जिल्ह्यातून इथे मास्टर्सला आला, घरचं वळण माळकरी, अंडंसुद्धा कधी खाल्लेलं नाही. इथे चार मुलांत भाड्याच्या घरात राहतो. तिथे वीकेंडला फुगे चालायचे, आधी कधीतरी पार्टीत, मग परीक्षा झाल्या की, मग झोप येत नाही म्हणून, मग एकटाच. दारू नाही सिगरेट नाही त्यामुळे त्याच्या मते तो व्यसनाच्या जवळपासही नव्हता, आणि हे मी त्याला दोष द्यायला लिहीत नाही, खरंच बहुतेक मुलांना असंच वाटतं. क्रीम फेटायला बेकरीवाले वापरतात तोच गॅस, दातांचा डॉक्टर देतो तोच गॅस, वास नाही, एक-दोन मिनिटांत असर उतरतो, मग त्यात काय वाईट असणार.

सुरुवात पायाच्या बोटांपासून झाली. मुंग्या, मग बधिरपणा, मग कापसावर चालल्यासारखं वाटायला लागलं. मला फोनवर म्हणाला मावशी, चप्पल पायातून निसटते आणि मला कळतच नाही गं, चार पावलं गेल्यावर खाली बघितलं की दिसतं. मान खाली वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं व्हायचं. आणि तोंड धुताना डोळे मिटले की बेसिनवर पुढे झोकांडी जायची, हे तर त्याने मला सगळ्यात शेवटी सांगितलं कारण त्याला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. पुढे न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे अगदी ओळखीचं लक्षण आहे, पाय कुठे आहेत हे मेंदूला पायाकडून कळत नसलं की माणूस डोळ्यांवर भागवतो आणि डोळे मिटले की तोल गेलाच.

आधी तो घराजवळच्या एका छोट्या क्लिनिकमध्ये गेला होता, त्याचंही नाव घेत नाही. तिथे विचारलं ड्रग्ज घेतोस का, तो नाही म्हणाला. रक्त काढलं, बी-१२ नॉर्मल रेंजमध्ये आलं, व्हिटॅमिनच्या गोळ्या खा, जास्त वेळ बसू नकोस, असं सांगून घरी पाठवलं. आता तो नाही म्हणाला ते त्याच्या दृष्टीने खोटं नव्हतं, कारण गॅसला तो ड्रग धरतच नव्हता, आणि विचारणाऱ्याने पण पुढचा प्रश्न विचारला नाही. त्यात आठवडे गेले, आणि या आजारात आठवडे जाणं फार महाग पडतं.

मग एका संध्याकाळी त्याच्या रूममेटचा फोन आला की मावशी हा जिन्यावरून पडलाय. मी त्याला घेऊन थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेले. गर्दी भयंकर, खुर्च्या कमी, रात्रभर बसायची तयारी ठेवूनच जा. पण तिथल्या तरुण डॉक्टर बाईंनी जे केलं त्याला तोड नाही. तिने ड्रग्ज हा शब्दच वापरला नाही. आधी मला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं, तेही अगदी आदराने, आणि मग त्याला सरळ विचारलं (हे त्याने मला नंतर सांगितलं) की बलून घेतोस का, छोट्या नळकांड्या का मोठा सिलिंडर, आठवड्यातून किती वेळा, शेवटचा कधी. चेहऱ्यावर कसलाही भाव नाही, जेवलास का विचारावं तसं विचारलं आणि तो पटकन बोलून गेला. हे पोलिसांना किंवा युनिव्हर्सिटीला कळणार नाही, तुझ्या मावशीलाही तू सांगशील तेवढंच कळेल, हे पण तिने आधीच सांगितलं. इथे ८ नोव्हेंबर २०२३ पासून नशेसाठी हा गॅस जवळ बाळगणं गुन्हा आहे, ड्रग्जच्या क्लास सी या गटात टाकलाय, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि विकणाऱ्याला चौदापर्यंत. व्हिसावर आलेली मुलं या भीतीने तोंड उघडत नाहीत, म्हणून डॉक्टरने आधी भीती काढली हे मला फार महत्त्वाचं वाटलं.

मग तपासणी. कंप पावणारा चिमटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंप कळतो का बघितलं, त्याला घोट्यापर्यंत काहीच कळत नव्हतं. डोळे मिटून पायाचं बोट वर केलं की खाली केलं विचारलं, तो अंदाजाने सांगत होता. पाय जुळवून उभं करून डोळे मिटायला लावले तर नर्सने धरलं नसतं तर पडला असता. रक्त परत काढलं, पण यावेळी नुसतं बी-१२ नाही, होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड पण, म्हणजे कामाचं बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारी दोन रसायनं. होमोसिस्टीनची नळी बर्फात ठेवून लगेच लॅबला पाठवली, ती रेंगाळली तर आकडा चुकतो म्हणे. आणि ते रिपोर्ट यायच्या आत, एमआरआय व्हायच्या आत, त्याच रात्री पहिलं इंजेक्शन दंडात दिलं.

हे का एवढं ठळक सांगतेय, ते जरा समजून घ्या. मला न्यूरॉलॉजीच्या रजिस्ट्रार डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं आणि मला वाटतं प्रत्येक आईबापाला हे माहीत असावं. बी-१२ च्या मध्यभागी कोबाल्टचा एक अणू असतो. नायट्रस ऑक्साइड शरीरात गेला की तो त्या कोबाल्टलाच ऑक्सिडाइज करतो, म्हणजे बी-१२ रक्तात असतं पण निकामी झालेलं असतं. नेहमीची रक्ततपासणी एकूण बी-१२ मोजते, त्यातलं कामाचं किती आणि निकामी किती हे ती सांगू शकत नाही, म्हणून आकडा चांगला दिसतो आणि नसा आतून मरत असतात. कामाचं बी-१२ नसलं की होमोसिस्टीनचं मेथिओनिन होत नाही, ते होमोसिस्टीन साचत जातं, आणि नसांवरचं मायलिनचं आवरण टिकवायला जे रसायन लागतं ते बनत नाही. मज्जारज्जूचा मागचा भाग, जिथून पायाची जाणीव वर मेंदूकडे जाते, तो आधी जातो, बाजूचे ताकदीचे मार्ग पण सुटत नाहीत. भाच्याच्या एमआरआयमध्ये मानेपाशी मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला उलट्या व्ही सारखा पांढरा डाग दिसला, डॉक्टरांनी स्क्रीनवर त्याला स्वतःला दाखवला. काही जणांचा एमआरआय स्वच्छ येतो तरी आजार असू शकतो, हे पण त्यांनी सांगितलं. वाढलेल्या होमोसिस्टीनमुळे रक्ताच्या गुठळ्या व्हायचा धोका असतो, म्हणून एका पोटरीला सूज किंवा दम लागणं असलं काही झालं तर लगेच यायचं, असंही बजावलं.

इथे मला आपल्या लोकांबद्दल एक गोष्ट लिहायचीच आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती, त्यात ६७ टक्के लोकांचं बी-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. शाकाहार हे त्यातलं मोठं कारण. म्हणजे आपली मुलं घरून निघतानाच तळाला लागलेला साठा घेऊन निघतात. तिकडे निदान दूध दही ताक पोटात जात होतं, इथे आल्यावर सकाळी काळी कॉफी, दुपारी चिप्स, रात्री नूडल्स. त्यात वर हा गॅस. मांस मासे खाणारा मुलगा जेवढे दिवस काढेल तेवढे शाकाहारी मुलगा काढेलच असं नाही, कारण त्याच्याकडे निकामी व्हायला शिल्लकच कमी असते. लंडन, बर्मिंगहॅम आणि मँचेस्टर मिळून अशा ११९ रुग्णांचा एक अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यातले बहुतेक विशीच्या आसपासचे आणि त्यात आशियाई मुलांचं प्रमाण मोठं होतं. भाच्याच्या वॉर्डातल्या नर्स म्हणाल्या की हे आता त्यांना नवीन राहिलेलं नाही.

आता डे-केअरबद्दल, कारण रिव्ह्यू त्याचा आहे. दाखल फार दिवस ठेवलं नाही, एमआरआय आणि नसांची करंट देऊन करतात ती तपासणी झाल्यावर घरी सोडलं आणि एक दिवसाआड इंजेक्शनसाठी डे-केअरला बोलावलं. औषध हायड्रॉक्सोकोबालामिन, १ मिलिग्रॅम, लालभडक रंगाचं, स्नायूत देतात. थोडं दुखतं, लघवीला लालसर झाक येऊ शकते, घाबरायचं नाही. सुधारणा होत राहते तोपर्यंत एक दिवसाआड आणि मग दोन-दोन महिन्यांनी, अशी इथली पद्धत. सोबत फॉलिक ॲसिड दिलं पण ते इंजेक्शन सुरू झाल्यावरच, कारण बी-१२ न देता नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर नसांचं बिघडू शकतं. काही ठिकाणी मेथिओनिनच्या गोळ्या पण देतात.

जागा छोटी आहे, पाच-सहा रिक्लायनर खुर्च्या, पडदे, एक पाण्याचं मशीन. पण वेळ पाळतात. दिलेल्या वेळेच्या आसपास आत घेतातच, इंजेक्शन देऊन थोडा वेळ बसवून सोडतात, वर्ग बुडत नाही. आणि दर वेळी नर्स नुसती सुई टोचून मोकळी होत नाही, पाय कसा आहे, रात्री पडलास का, लघवीला अडचण आहे का, हे विचारते. लघवी आणि लैंगिक अडचणी पण या आजारात येतात, मुलगे लाजेने बोलत नाहीत, तिथल्या एका वयस्कर मल्याळी नर्सबाईंनी हे इतक्या सहज विचारलं की त्याला उत्तर देता आलं. आणि प्रत्येक वेळी न चुकता एक प्रश्न, त्यानंतर गॅस घेतलास का. घेतला असेल तर सांग, आम्ही इंजेक्शन बंद करणार नाही, पण एकीकडून आम्ही भरतोय आणि दुसरीकडून तू निकामी करतोयस हे तुला माहीत असू दे, असं त्या म्हणाल्या. मध्ये एकदा त्याने परत घेतला होता. सांगितलं त्याने. कोणी ओरडलं नाही, त्याच दिवशी व्यसनमुक्तीच्या कामातल्या एका मुलाला खाली बोलावून घेतलं आणि तो भाच्याशी तासभर बोलला. मी बाहेर बसून होते आणि मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हा पोरगा यातून बाहेर पडेल.

बी-१२ च्या गोळ्या खाल्ल्या की गॅस बाधत नाही, असा एक समज मुलांमध्ये जोरात आहे, भाच्याच्या रूमवर पण गोळ्यांची बाटली होती. डे-केअरच्या डॉक्टरांनी हे अगदी ठासून खोडलं. गॅस घेत राहिलात तर खाल्लेलं बी-१२ पण निकामीच होणार, शिवाय गोळ्यांमुळे रक्तातला आकडा वर जातो आणि पुढचा डॉक्टर फसतो. आमच्या ताईने साताऱ्याहून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांची अख्खी पिशवी पाठवायची तयारी केली होती, तिलाही थांबवलं, कारण जास्त डोसमध्ये बी-६ बराच काळ घेतलं तर त्याने पण नसांना इजा होते. जे द्यायचं ते त्यांना देऊ दे आणि तू फक्त त्याच्याशी रोज बोल, असं मी ताईला सांगितलं.

दाताच्या डॉक्टरचा मुद्दा मी पण तिथे विचारला होता, कारण मला माझ्या स्वतःच्या बाळंतपणात गॅस दिला होता. उत्तर असं मिळालं की तिथे तो ऑक्सिजनमध्ये मिसळून देतात, बाळंतपणात निम्मा-निम्मा, थोडा वेळ आणि कोणीतरी लक्ष ठेवून, धडधाकट माणसाला त्याने असं होत नाही, फक्त बी-१२ मुळातच कमी असेल तर आधी सांगायचं. फुग्यात मात्र निव्वळ गॅस असतो, ऑक्सिजन शून्य, आणि मुलं एकामागून एक घेतात. आणि गंमत म्हणून नाही, माहिती म्हणून सांगते, गॅसमुळे नसा जातात हे जगाला नीट दाखवून दिलं ते दातांच्या डॉक्टरांच्याच पायांनी, १९७८ मध्ये लेझर नावाच्या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने असे १५ रुग्ण नोंदवले होते त्यातले १४ डेंटिस्ट होते. म्हणजे हे कळून जवळपास पन्नास वर्षं होत आली आणि अजून मुलांपर्यंत पोचलेलं नाही.

सिलिंडरबद्दल पण दोन शब्द. क्रीमच्या बाटलीला लागते ती नळकांडी ८ ग्रॅमची असते, बोटाएवढी. भाच्याच्या खोलीत जो सापडला तो ६४० ग्रॅमचा, म्हणजे तसल्या ८० नळकांड्या एकात. वर स्ट्रॉबेरीचं चित्र, फळांचे फ्लेवर. मी घरी केक करते, माझ्याकडे क्रीमची बाटली आहे, अर्धा लिटर क्रीमला एक नळकांडी पुरते, तर मला सांगा कुठल्या विद्यार्थ्याच्या रूमवर एवढं क्रीम फेटलं जातं. जो कोणी रात्री अकरा वाजता स्वयंपाकाचं साहित्य म्हणून हे मुलांच्या दारात आणून देतो त्याला ते क्रीमसाठी नाही हे पक्कं माहीत असतं, आणि मला याचा मनापासून राग येतो. सिलिंडरमधून निघणारा गॅस इतका थंड असतो की ओठ, तोंड, मांडीत धरला तर मांडीची कातडी पण गोठून जळते, भाच्याच्या मांडीवर तसा डाग होता, तो त्याने जीन्सखाली लपवला होता. आईबाप व्हिडिओ कॉलवर चेहरा बघतात, मांडी कुठे बघणार.

फिजिओ. यासाठी वेगळी जागा आहे, त्याच इमारतीत तळमजल्यावर, आणि ही या सेवेची सगळ्यात चांगली बाजू आहे असं मी म्हणेन. पहिल्या दिवशी त्याला दोन दांड्यांच्या मधून चालवलं, पाय फेकत फेकत चालत होता, टाचा आपटत. मग आरसा समोर ठेवून, मग आरसा काढून, मग टाचेला अंगठा लावून एका रेषेत, मग मऊ गादीवर उभं राहून डोळे उघडे, मग डोळे मिटून. डावं पाऊल लोंबायचं म्हणून घोट्याला आधार देणारा स्प्लिंट दिला. घरी काय बदलायचं याची यादी करून दिली आणि ती खरंच उपयोगी होती, पायपुसणी आणि गालिचे काढा, रात्री बाथरूमपर्यंत दिवा चालू ठेवा कारण अंधारात त्याला पाय दिसले नाहीत तर तो पडणार, सपाता बंद, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट, आंघोळीला स्टूल, गरम पाण्याची पिशवी पायाला अजिबात नको कारण भाजलेलं कळणार नाही. त्यांची मुख्य फिजिओ एक आयरिश मुलगी आहे, तिने त्याला विचारलं तुला परत काय करायचंय, तो म्हणाला क्रिकेट, तर तिने पुढच्या वेळेपासून तोल सांभाळायच्या व्यायामात चेंडू झेलायला लावला. अशा माणसांना पगार किती मिळतो मला माहीत नाही पण जेवढा मिळतो त्याच्या दुप्पट द्यायला हवा.

आजची स्थिती अशी की काठी सुटली, स्प्लिंट लांब चालायचं असेल तरच लावतो, हाताची बोटं पूर्ण सुधारली, शर्टाची बटणं लावता येतात. तळव्यातला बधिरपणा अजून आहे आणि पळता येत नाही. किती परत येईल हे डॉक्टर ठाम सांगत नाहीत, सुधारणा महिनोन्‌महिने चालू राहते, काहींची पूर्ण होते, काहींच्यात थोडं कायम राहतं, आणि किती लवकर गॅस थांबला आणि किती लवकर इंजेक्शन सुरू झालं यावर बरंच ठरतं. ते छोट्या क्लिनिकमध्ये गेलेले आठवडे मला इथे आठवतात.

एक स्टार का कापला. शनिवार-रविवार डे-केअर बंद असतं, एक दिवसाआडचं इंजेक्शन वीकेंडला आलं की दुसऱ्याच वॉर्डात जायचं आणि तिथे कोणालाच काही माहीत नसायचं, दर वेळी पहिल्यापासून कहाणी सांगा, आणि त्या पोराला दर वेळी अनोळखी लोकांसमोर गॅसचं परत सांगायला लावायचं हे बरोबर नाही. मिथाइलमॅलोनिक ॲसिडचा रिपोर्ट बाहेरच्या लॅबमधून येतो, फार उशिरा आला. बाहेरच्या पेशंटसाठी फिजिओची वेटिंग लिस्ट लांब आहे, आमचं दाखल असतानाच सुरू झालं म्हणून निभावलं. आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे डे-केअर संपवून इंजेक्शन घराजवळच्या डॉक्टरकडे सोपवताना कागदपत्रात तीन महिन्यांनी एक असं चुकीचं गेलं होतं, आम्ही ते हातात घेऊन वाचलं म्हणून कळलं. पत्र हातात घेऊन वाचा, औषधाचं नाव, डोस, किती दिवसांनी, तिन्ही बघा.

खर्चाचं बरेच जण विचारतील. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला ७७६ पाउंडचा हेल्थ सरचार्ज आपण आधीच भरलेला असतो, त्यामुळे इमर्जन्सी, एमआरआय, हॉस्पिटलमधली इंजेक्शनं, फिजिओ, कशाचंच वेगळं बिल आलं नाही. पार्किंग मात्र महाग आहे, ट्रेनने जा, स्टेशनपासून चालत जवळ आहे आणि व्हीलचेअर लागली तर मुख्य दारातच मिळते. गाडी चालवत असाल तर असल्या आजाराची माहिती डीव्हीएलएला (इथलं लायसन्सचं सरकारी खातं) द्यावी लागते, ते पण तिथेच सांगतात.

जाताना काय न्यायचं: आधीचे सगळे रक्ताचे रिपोर्ट, चालू असलेल्या गोळ्यांच्या बाटल्या सकट (बी-१२ घेत असाल तर कधीपासून ते), आणि कागदावर लिहून की गॅस कधीपासून, आठवड्याला किती, शेवटचा कधी, कारण तिथे गेल्यावर गोंधळ होतो आणि आकडा कमी सांगितला जातो. रिसेप्शनला नुसतं पायाला मुंग्या येतात असं सांगू नका, चालता येत नाही, तोल जातो आणि नायट्रस घेतलाय असं सांगा, म्हणजे रांगेत योग्य जागी टाकतात. होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलोनिक ॲसिड करणार का हे विचारा, आणि रिपोर्टच्या आधी इंजेक्शन सुरू करता येईल का हे पण विचारा. इथल्या न्यूरॉलॉजिस्टांनी २०२३ मध्ये या आजारासाठी लिहिलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये उपचार तपासणीसाठी अडवू नका असंच आहे, त्यामुळे विचारण्यात संकोच करायचं काही कारण नाही. नुसतं बोलायचं असेल तर फ्रँक या ड्रग्जविषयी सल्ला देणाऱ्या सेवेची हेल्पलाइन आहे, नाव सांगावं लागत नाही. आणि पूर्व लंडनमध्ये कोणाला सोबत हवी असेल, इंग्रजीत सांगायला जड जात असेल किंवा घरी कळेल म्हणून एकटं जायची भीती वाटत असेल, तर मला मेसेज करा, मी येईन.